सव्वाअकराची मस्कत

आमच्या शेजारचे पदूकाका विमानांना हात करतात.

लहान मुलं करतात तसा टाटा नाही हां. ओळखीचा एसटी ड्रायव्हर समोरून गेला की आपण कसा अर्धाच हात वर करतो, कोपरापासून, "काय, निघालात का?" असा, अगदी तसा. सकाळी अंगणात दात घासत उभे असतात. आभाळात कुठेतरी घुर्रर्र झालं की ब्रश तोंडात तसाच आणि हात वर. "दिल्ली चालली. आज सात मिन्टं लेट हाय." मग चूळ.

आणि गंमत म्हणजे आता अख्खी आळी विमानांवर चालते. आमची आई कुकर लावते ती जयपूरवर. समोरची वहिनी पोराला शाळेला हाकलते ती अहमदाबादवर. शिरगावात बाहेरून कोणी पाहुणा आला आणि त्याने ऐकलं की "अगं, दुबई गेली, अजून तुझा भात उतरवायचाच आहे?" तर तो बिचारा आधी आमच्याकडे बघतो, मग भाताकडे.

पदूकाका म्हणजे पद्माकर राऊत. बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगांच्या कंपनीत तीस-बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. तिथे प्रेशर, तापमान, फ्लो असं जे जे मोजता येतं ते मोजायचं आणि मोजणारं यंत्र खोटं बोलतंय का ते तपासायचं, हे काम. रिटायर झाले, कंपनी सुटली, पण मोजणं काही सुटलं नाही. शर्टाच्या खिशात वीज मोजायचा मल्टिमीटर. हो, खिशात! वायरी बाहेर लोंबकळतात, लाल एक, काळी एक. लांबून बघणाऱ्याला वाटतं या माणसाला हॉस्पिटलमधून अर्ध्यावर सोडलंय.

त्यांचं एकच वाक्य आहे, "मोजलंस का?" ते कशालाही चालतं. मला ताप आला. "मोजलास का?" माझी स्कूटी सुरू होत नाहीये. "बॅटरी मोजलीस का?" एकदा घरच्यांनी मला एक स्थळ आणलं होतं, मी म्हटलं काका, मुलगा जरा आखडूच वाटतो. तर हे गंभीरपणे, "वाटतो म्हंजे? मोजलंस का?"

मनोरला एका लग्नात त्यांनी बटाटावड्याच्या पोटात तापमान मोजायची सुई खुपसली आणि आचाऱ्याला सांगितलं, "भायेर गरम, आत बेचाळीस डिग्री. परत तळ." आचारी झारा घेऊन मागे लागला होता. पण वडे परत तळले त्याने.

त्याच लग्नात दुसरा पराक्रम झाला. नवऱ्याचे मामा बेंगळुरूहून यायचे होते, आणि मामांशिवाय मुहूर्त अडला होता. मामांचा फोन येतोय, "विमान लेट आहे हो, अजून वरच आहोत." (विमानात बसून फोन कसा करताय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लग्नाच्या गडबडीत येत नाही.) काकांनी विमानाचा नंबर विचारला, मोबाईल काढला, बघितलं, आणि सरळ जाऊन भटजींच्या माइकवर, "मामांचं इमान पावणेदोन तासापूर्वी उतरलंय." सगळ्या मांडवाने माना वळवल्या. नवरीच्या बापाने विचारलं, मग मामा कुठायत? तर काका म्हणाले, "ते मला नाय माहीत. इमान दिसतं, माणूस नाय दिसत." मामा हायवेवरच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर सापडले. त्या घराशी राऊतांचं येणं-जाणं तेव्हापासून बंद आहे.

थांबा, हे सगळं सुरू कसं झालं ते राहिलंच. सुरू मी केलं. माझीच चूक.

त्यांचा मुलगा केतन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तोही इन्स्ट्रुमेंटवालाच. दोन वर्षांपूर्वी मस्कतला नोकरीला गेला. त्याला सोडायला एअरपोर्टला काकांना नेलं नव्हतं, गाडीत बॅगाच इतक्या होत्या. काका ओट्यावर बसून होते. मला राहवलं नाही. मी माझ्या फोनवर तो विमानांचा नकाशा उघडून दिला. तुम्ही बघितला असेल, पिवळी पिवळी इवलीशी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात. एकावर बोट ठेवलं की नंबर, उंची, वेग, कुठून कुठे, सगळं.

काका हरखले. केतनचं विमान धावपट्टीवरून उठलं, किनारा ओलांडला, समुद्रावर गेलं, गेलं... आणि गेलं! म्हणजे नकाशावरून गायब. निळा समुद्र तेवढा उरला.

"कुठं गेलं?"

मी म्हटलं, "काका, रेंज संपली. विमान नाही संपलं."

त्यांना पटेना. त्यांनी माझा फोन हलवला. उन्हात धरला. मागचं कव्हर काढून चार्जिंगच्या भोकात मल्टिमीटरच्या वायरी घालायला निघाले, तेव्हा मी फोन हिसकावून घेतला. मग जागेवरून हलले नाहीत. नलूकाकी, म्हणजे त्यांची बायको, दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही कप तसेच गार झाले. केतनचा "पोचलो" असा मेसेज आला तेव्हा उठले आणि पहिला प्रश्न मला, "हे चालतं कसं, ते सांग."

आता मी बोईसरला लॅबमध्ये गोळ्यांची टेस्टिंग करते, मला विमानातलं काय कळतंय? पण रात्रभर वाचून काढलं आणि सकाळी सांगितलं. काकांनी ते त्यांच्या पद्धतीने समजून घेतलं आणि आता आळीत सगळ्यांना तसंच सांगतात. "ती दातिवऱ्याची मावशी मावरं घेऊन येते ना? 'बोंबीलऽ, मांदेलीऽ' वरडत येते. ती काय तुझ्या कानात येऊन सांगत नाय. वरडते. ज्याला कान हाय त्यानं ऐकायचं. इमान पण तसंच. मिन्टामिन्टाला नाय, सेकंदासेकंदाला वरडत जातं. मी अमका, एवढ्या उंचीवर, इकडं चाललो. दुसऱ्या इमानानं आपटू नये म्हणून वरडतं. आता जगभर लोकांनी आपापल्या घरावर कान लावलेत. जो तो ऐकतो नि एका ठिकाणी कळवतो, त्याचा नकाशा बनतो. समुद्रात कुणाचं घर नाय. म्हणून तिकडं गेलं की दिसत नाय. कळलं?"

आता यात "जगभर लोकांनी घरावर कान लावलेत" हे वाक्य धोकादायक होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात काकांच्या पत्त्यावर पार्सल आलं. पेनड्राइव्हएवढं यंत्र. केतनचा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला. अँटेना त्यांनी स्वतः बनवला, तांब्याची तार, सात सेंटिमीटरला एक केस कमी. (मोजली!) त्या तारेखाली पत्र्याची थाळी लागते म्हणे, सिग्नल नीट धरायला. घरात तशी गोल, सपाट, बरोब्बर मापाची एकच वस्तू होती, नलूकाकीच्या पापडाच्या डब्याचं झाकण.

इथून महायुद्ध सुरू झालं.

"माझं झाकण!" काकी अंगणातून वर गच्चीकडे बघून ओरडायची. "पापड मऊ पडलेत सगळे! आभाळातली विमानं बघताय, घरातला डबा उघडा हाय ते नाय दिसत!"

"दुसरं झाकण आणून देतो ना."

"त्या डब्याला दुसरं बसत नाय! मोजलंत का कधी?"

काकांनी तीन झाकणं आणली. एकही बसलं नाही. डब्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा, असे दोन पावसाळे काढले काकीने. पण टाकीवर पाइप, पाइपवर पापडाचं झाकण, झाकणावर ती तार असं ते ध्यान तिथंच राहिलं. आणि ऐकायचं भारी! पश्चिमेला समुद्र मोकळा, मध्ये काहीच आडवं नाही. अडीचशे किलोमीटरपर्यंतची विमानं लॅपटॉपवर यायची. काका रोज वहीत लिहायचे की आज सगळ्यात लांबचं किती. दहा किलोमीटर वाढले की काकीला हाक मारायचे. ती म्हणायची, "माझ्या पापडाचं सांगा."

तर या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. केतनने कळवलं की रविवारी येतो, सव्वाअकराच्या मस्कतने, दोन वर्षांनी पहिल्यांदाच. आणि विलासनानांच्या चिकूच्या कळ्या गळल्या.

विलासनाना म्हणजे काकांच्या पलीकडची वाडी. बोर्डी-डहाणूच्या तोडीचे चिकू आपल्याकडे होतात असं ते स्वतःच सांगतात. कळ्या गळायला लागल्यावर त्यांनी कारण शोधलं आणि मान वर केली तर समोर पापडाचं झाकण. "ह्या पद्याच्या तारेमुळं इमानं खाली येतात. त्याच्या हादऱ्यानं गळ होते." काका म्हणाले, "मोजलंस का?" नाना भडकले आणि थेट पोलीस चौकीत. तिथे "चिकू गळतात" म्हटल्यावर कोणी लक्ष देईना, म्हणून नानांनी विषय जरा वाढवला. इथून तारापूर केवढंसं लांब, तिथं अणुकेंद्र, आणि हा माणूस गच्चीवर यंत्र लावून येणारी-जाणारी विमानं बघतो, वहीत लिहितो. आता तुम्हीच बघा!

गुरुवारी हवालदार भोये आले. मला सेकंड शिफ्टला जायचं होतं, घरीच होते, म्हणून सगळं याचि डोळा बघितलं.

"हे काय आहे?" भोयेंनी वर बोट दाखवलं.

"माझं झाकण," काकी घरातून.

"कान हाय, साहेब," काका म्हणाले. "तोंड नाय. ह्यातनं भायेर काय जात नाय. मोजून दाखवतो."

"उद्या शत्रूने याच्यावरून बघितलं तर?"

"शत्रूच्या मोबाईलवर पण हाच नकाशा हाय, साहेब. मी कान कापले तरी दिसणार."

"लढाऊ विमानं?"

"ती वरडत नाय. त्यांच्या मनात असलं तर वरडतील, नायतर गप जातील. गप गेलेलं मला कसं ऐकू येणार?"

मग मी मध्ये पडले, माझ्याने राहवत नाही. म्हटलं, साहेब, त्रास होतो तो वेगळ्याच लोकांना, ज्यांचं स्वतःचं विमान असतं. शेठ कुठे चाललाय ते सगळ्या जगाला कळतं, मग ते आपलं नाव नकाशावरून काढायला सांगतात. आपल्या शिरगावात तसं कोणी नाही. आणि कधीकधी कोणी खोटा सिग्नल सोडला तर विमान भलतीकडेच दिसतं, म्हणून या नकाशावर भरवसा ठेवून कोणी विमान चालवत नाही. काका म्हणाले, "बरोबर. हे आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी हाय."

भोयेंना आता रस वाटायला लागला होता. टोपी काढून खुर्ची ओढली. "माझी मेहुणी आज कोचीला चाललीय. दाखवा बघू." काकांनी शोधून दिलं. भोये स्क्रीनवर वाकले. "हां... आणि ती कुठं बसलीय? खिडकीत मिळालीय का तिला?"

"इमान दिसतं, साहेब. माणूस नाय दिसत."

भोये जरा हिरमुसले. पण उठताना म्हणाले, "काका, मला पटलं. पण तक्रार लेखी आहे. तुम्ही पण अर्ज द्या. मोठे साहेब बघून सांगतील, तोपर्यंत खाली उतरवा."

"कवापर्यंत?"

"चार-आठ दिवस."

काका उठले. शिडी लावली, वर चढले, खाली आले. झाकण पुसून काकीच्या हातात दिलं. काकीने ते डब्यावर लावलं, खट्ट आवाज आला, बरोब्बर बसलं. दोन वर्षं ज्या आवाजासाठी भांडली तो आवाज आला, पण काकीचं तोंड काही हसरं झालं नाही.

"अहो काका, रविवारी फोनवर बघू की आपण," मी म्हटलं.

"फोनवर दुसऱ्याच्या कानानं ऐकलेलं येतं गं," ते म्हणाले. "जाताना माझ्या हातात काय नव्हतं. येताना मी आत घेणार होतो त्याला. समुद्रातनं."

झालं! मी लॅबमधून ब्रेकमध्ये मोबाईलवर अर्ज टाइप केला. दोन पानी. काकांनी वाचून त्यातली सहा उद्गारचिन्हं काढली. शुक्रवारी सकाळी देऊन आलो. मोठे साहेब रजेवर. म्हणजे रविवार गेलाच हातचा.

आणि शनिवारी सकाळी विलासनाना स्वतः कुंपणाशी हजर! "पद्या! अरे पद्या! तार काढलीस का रे?"

"तूच काढायला लावलीस ना."

"अरे, गळ वाढली! काल सकाळी मोजल्या," (मोजल्या! काकांचे कान टवकारले.) "झाडाखाली चाळीस. आज साठ! तुझ्या त्या झाकणानं काहीतरी धरून ठेवलं होतं बघ. वटवाघळं येत नसतील, नाहीतर काय हवा बिवा. लाव बाबा परत!"

काकांनी आयुष्यभर चुकीच्या रीडिंगांशी भांडण केलेलं. तोंड उघडलं त्यांनी. मी मागून त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी तोंड मिटलं.

नाना स्वतः चौकीत जाऊन तक्रार मागे घेऊन आले. येताना भोयेंचा निरोप, साहेबांशी फोनवर बोलणं झालंय, ऐकण्यापुरतं चालू ठेवा, आम्ही बंद म्हटलं की त्या क्षणी बंद. काकांनी हे वहीत तारीख-वेळ घालून लिहिलं आणि खाली नानांची सही घेतली.

रविवारी सकाळी काकीने झाकण न मागता आणून दिलं. "आजच्यापुरतं. संध्याकाळी डब्यावर पायजे." घरात सरंग्याचं कालवण रटरटत होतं, तांदळाच्या भाकऱ्यांचा वास अख्ख्या आळीत.

पावणेअकराला मी लॅपटॉपशेजारी बसले होते आणि माझा फोन थरथरला. केतन. "प्लांटच्या दुरुस्तीचं शटडाऊन लांबलंय, सुट्टी रद्द झाली रात्री. बाबांना सांगायचा धीर होत नाहीये. त्यांचा फोन आला तरी उचलवणार नाही. तू सांग ना प्लीज."

मी खरं सांगते, मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात काका ओरडले, "आली! दोनशे एकसष्ट किलोमीटर! नलू, दोनशे एकसष्ट!" इतक्या लांबचं आजवर कधी मिळालं नव्हतं. काकी पिठाचे हात घेऊन बाहेर. नाना कुंपण ओलांडून आत. कसं सांगणार? मी फोन उलटा करून मांडीखाली ठेवला.

काका दर दोन मिनिटांनी आकडा पुकारत होते. दोनशे. एकशे साठ. मध्येच उठून आत गेले, परत आले. काकी पण आत गेली, परत आली. नव्वद. उंची कमी होतेय. मग विमान किनाऱ्याजवळून वळून वसईकडे निघालं आणि लांब, सुरूच्या झाडांच्या वर एक पांढरा ठिपका खरंच दिसला. नानांनी दोन्ही हात हलवले. "ये रे बाबा केत्या!" काकीने पदर सावरून पिठाचा हात वर केला. काकांनी मात्र आपला तो नेहमीचा, कोपरापासून अर्धा.

विमान उतरलं. नाना चिकू आणायला घरी गेले. काकी स्वयंपाकघरात. ओट्यावर आम्ही दोघंच. मी फोन सुलटा केला.

"काका, मला ना... केतनचा..."

"नाय आला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मघाशी आत जाऊन फोन लावला मी. इमान एकशे साठवर, आणि ह्याच्या फोनची रिंग वाजतेय." लॅपटॉपची झडप त्यांनी हळूच बंद केली. "वर असलेल्याचा फोन बंद असतो. दोनदा लावला. दोनदा वाजला."

"मग तरी हात केलात?"

"इमान दिसतं, पूर्वे. माणूस कुठं दिसतो?" आणि म्हणाले, "कुणाचातरी मुलगा असेलच की त्यात." मग आवाज खाली आणून, "काकीला आत्ता नको सांगू. दोन घास जाऊ दे तिच्या पोटात."

मी आत गेले. काकी पाटावर बसून पानं वाढत होती. तीन.

"काकी, केतनसाठी थांबायचं नाही?"

"मघा लावला मी फोन," ती भाकरी मोडत म्हणाली. "वाजतोय त्याचा." मग दाराकडे बघून हळूच, "त्यांना नको बोलू एवढ्यात. जेवू दे."

तिघं जेवायला बसलो. दोघांची गुपितं माझ्याकडे. आणि मी! मी गप्प! वरून घुर्रर्र झालं. काकांचा हात सवयीने उठला, भाताचा घास तसाच बोटांत, आणि अर्ध्यावरून खाली आला.

काकीने त्यांच्या वाटीत सरंग्याचा मोठा तुकडा वाढला.

"झाकण काढायला वर चढू नका," ती म्हणाली. "पापड मी पिशवीत भरलेत."